गुलाबी येईपर्यंत

९ जून

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. सहा वर्षांनी चार ओळी, आणि त्यातल्या दोन मेहुण्यांच्या पाठदुखीवर. अक्षर अजून तसंच उजवीकडे कलंडलेलं आहे, ते बघून बरं वाटलं. पाठदुखीवर माझ्याकडे औषध नाही, तेव्हा उरलेल्या दोन ओळींकडे वळते.

तुला ठमीची फिल्म हवी आहे. मिळेल. अण्णांनी टेपवरून उतरवून ठेवलेली फिल्म कॉम्प्युटरवर जशीच्या तशी आहे, मी उघडून खात्री केली. सगळी पाहिली नाही. आवाज बंद ठेवून सुरुवात पाहिली आणि थांबवली.

तुझ्या अटीही वाचल्या. अण्णांनी तेव्हा पाठवलेली डिस्क नको, नवी करायची. कोरी पाठवायची नाही, कारण कोऱ्या पांढऱ्यावर तुला तोच चेहरा दिसत राहील. आणि वर छापलेला ठमीचा चेहरा नीट असेल तरच पाठवायची.

हे 'नीट' प्रकरण मी उकरून काढणार नव्हते, पण तूच काढलंस, तर एकदा लिहून टाकते. ती डिस्क तू परत पाठवलीस तेव्हा पाकीट मी उघडलं होतं. खिडकीशी नेऊन पाहिली. मला तिच्यावर ठमीच दिसली, हातात तो लाल चेंडू धरून हसणारी. थोडी फिकी असेल. निळी नव्हती. सोबत तुझी चिठ्ठी होती, 'अण्णांनी माझ्या मुलीचं प्रेत छापून पाठवलंय.' मी ती लपवायच्या आत त्यांनी हातातून घेतली. वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मागच्या वर्षी गेले तोवर नाही. तेव्हा तू आली नाहीस, ते मी आज काढत नाही.

पोर हृदयाला भोक घेऊन जन्मली. शेवटच्या महिन्यांत तिचे ओठ आणि नखं निळी पडायची, ते तू रोज पाहिलंस, मी येऊन-जाऊन पाहिलं. त्यानंतर तुला कुठेही निळंच दिसलं तर तुझा काय दोष, असं मी तेव्हाही म्हणाले होते. तू त्यावर फोन ठेवलास.

तू म्हणशील, ताई अण्णांची बाजू घेते. घेते. आपल्या घरात रंगाच्या बाबतीत दुसरी बाजू कधी होती? स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या गालांवर रंग भरून त्यांनी आपल्याला वाढवलं. रंगीत फोटो आल्यावर मालक प्रत्येक प्रिंट त्यांच्यापुढे धरायचा. 'पिवळं मारतंय' एवढं अण्णा म्हणाले की प्रिंट टोपलीत. पडदे घ्यायचे असोत की भिंत रंगवायची, आधी नमुना त्यांच्या खिडकीशी न्यायचा. ऐंशी उलटल्यावर हा माणूस चष्मा काढून पेपर वाचत होता. असा डोळा चुकेल?

असो. यंत्र तेच, शाई तीच, चित्र तेच. ठमी गुलाबी येईल, काळजी करू नकोस.

तुझी ताई


२ जुलै

धाकटे,

सोबत डिस्क आहे. आधी हे पत्र वाच, मग पाकीट उघड. मी किती डोकं फोडलंय ते तुला कळायला हवं.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटरवर चित्र आहे, बटण दाबलं की डिस्कवर उतरलं. मलाही वाटायचं, अण्णा होते तोवर. ते छापायचे आणि मी पाकिटं चिकटवायची. ते गेल्यापासून शाळेच्या कार्यक्रमाच्या, कुणाच्या साखरपुड्याच्या डिस्क मीच करते, त्यामुळे थोडा हात बसलाय असा माझा समज होता. तो या महिन्यात साफ खोटा ठरला.

पडद्यावर एक दिसतं, डिस्कवर दुसरंच येतं. डिस्कच्या वरच्या अंगाला पांढरा खरबरीत थर असतो, तो शाई पितो. एका कंपनीची डिस्क कमी पिते, दुसरीची ढसाढसा पिते. ओली असताना रंग एक, दुपारी वाळल्यावर दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी तिसरा. आधी कागदावर गोल छापून बघावं तर कागदावर पोर कशी टवटवीत येते, आणि तेच डिस्कवर छापलं की आजारी. यंत्राची शाई सोडणारी तोंडं साफ करायचा हुकूम दिला की ते घरघर करत अर्धी शाई स्वतःच गिळतं. शाईवाल्याकडे गेले तर तो म्हणतो, शाई उत्तम आहे, डिस्क बदला. डिस्कवाला म्हणतो, शाई बदला. दोघांची दुकानं समोरासमोर आहेत, मी मधल्या रस्त्यावर उभी.

पण अण्णांची 'बरोबर' मी हलवली नाही. तुला माहीत नसेल. त्यांनी कॉम्प्युटरवर रंगांची एक जुळणी करून ठेवली आहे, तिचं नाव 'बरोबर'. कुठलंही चित्र छापण्याआधी त्या 'बरोबर'मधून जातं. त्यांनी ती कित्येकदा सुधारली. शेवटची सुधारणा ठमीच्याच वेळची. तेव्हा खुर्चीत बसून ते एक डिस्क छापायचे, खिडकीशी न्यायचे, मान हलवायचे. 'पिवळं मारतंय. पोरीला कावीळ झाल्यासारखी दिसते.' परत बसायचे. 'मला ती आधीची हवी, गालांवर रंग असलेली.' मी म्हणाले, अण्णा, पुरे आता. तर म्हणाले, तिच्या आईला द्यायची आहे.

आणखी एक सांगते. डिस्कला मधोमध भोक असतं, चित्राचा तेवढा भाग जातोच. बाकी सगळे फोटो ते मधोमध ठेवायचे, कुणाचं पोट जायचं, कुणाचा खांदा. ठमीचा फोटो त्यांनी इतका सरकवला की भोक बरोबर तिच्या हातातल्या चेंडूवर यावं. 'तिच्या अंगावर कुठेही येता कामा नये,' एवढंच म्हणाले. मी याही वेळी चेंडूवरच घेतलंय.

वाया गेलेल्या डिस्क टाकवत नाहीत. कचऱ्याच्या डब्यात पोरीचा चेहरा कसा टाकणार? म्हणून वाळायला मांडल्या त्या तशाच राहिल्या. टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर. खोलीत गेले की सगळ्या ठम्या एकदम माझ्याकडे बघतात. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग मी त्या पालथ्या घातल्या, तर पाठीच्या आरशासारख्या बाजूत मीच दिसायला लागले. पुन्हा सरळ केल्या. आणि सारखं वाटतं की अण्णा मागे उभे आहेत. मी वळत नाही. 'पिवळं मारतंय' हे मला ऐकू येतं आणि माझा हात आपोआप पिवळा कमी करतो.

शेवटी शेवटी तर त्यांना सगळ्यातच पिवळं दिसायचं. दूध पिवळं, भिंत पिवळी. पडदे माझ्याकडून पुन्हा पुन्हा धुऊन घेतले. चांगले पांढरे सदरे पिवळे पडले म्हणून देऊन टाकले. मी कुरकुर करायचे. आता मात्र मलाही ते पडदे पिवळटच वाटतात. कापडच तसलं निघालं.

या डिस्कवर ठमी गुलाबी आहे. मी सकाळच्या उजेडात नीट पाहिली, अगदी नीट. उघड आता पाकीट.

तुझी ताई


२० जुलै

धाकटे,

तुझं पाकीट परत आलं. आत चिठ्ठी नव्हती. मी हलवून पाहिलं, फाडून पाहिलं. नुसती डिस्क.

फोन केला तर मेहुण्यांनी घेतला. बिचारे चाचरत म्हणाले, 'ताई, रागावू नका, पण ती निळी आहे हो. मी पण पाहिली. ओठ तर...' तू तिथेच असणार, मला तुझ्या बांगड्यांचा आवाज आला.

मी खोलीत जाऊन डिस्क पुन्हा पाहिली. दारात जाऊन पाहिली. मग बाहेर रस्त्यावर जाऊन पाहिली. गुलाबी आहे, धाकटे. तुम्ही नवरा-बायको मिळून मला वेडी ठरवायला निघालात का? तेव्हा अण्णांना ठरवलंत, आता माझी पाळी. मला राग आलाय, आणि तो तुला कळावा म्हणून लिहिते आहे. इतके दिवस मी त्या पोरीच्या गालाशी बसले आहे. तुझ्या एका शब्दासाठी. आणि तू कागदाचा कपटासुद्धा घालत नाहीस.

दुसरं म्हणजे, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांच्या सगळ्या डिस्क परत. म्हणाल्या, 'आमची मुलं थंड पाण्यात उभी केल्यासारखी दिसतात हो. पालक विचारतात, काय झालं यांना.' मी म्हणाले, बाई, तुमच्या हॉलचे दिवेच तसले. तर त्या म्हणाल्या, 'अहो, अण्णांच्या वेळेपासून असंच येतंय. म्हातारा माणूस, त्यांना कसं बोलायचं, म्हणून आम्ही गप्प होतो.' मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मग मी नवीन प्रिंटर आणला. हो, आणला. जुना माळ्यावर टाकला. लावून द्यायला आलेल्या माणसाने जुन्याची सगळी जुळणी नव्याला नीट लावून दिली, अण्णांची 'बरोबर'सुद्धा. नवी शाई, नव्या डिस्क. पहिलीच ठमी छापली आणि शेजारणीला हाक मारून दाखवली. ती बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने डिस्क हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, 'किती सोसलं हो पोरीने.' मी म्हणाले, हा आजारातला फोटो नाही, आधीचा आहे. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी डिस्क काढून घेतली.

प्रिंटर नवा, शाई नवी, डिस्क नवी, तरी सगळ्यांना पोर निळीच दिसते. फक्त मला दिसत नाही. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि त्या सगळ्या ठम्या.

ठीक आहे. माझे डोळे ठणठणीत आहेत. हल्ली तर मी सुई चष्म्याशिवाय ओवते, विचार कुणालाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडून तसं लिहूनच आणते आणि तुला पाठवते. मग बघू, कुणाचे डोळे तपासायला हवेत.

ताई


६ ऑगस्ट

धाकटे,

सर्टिफिकेट मिळालं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण बोलणं सरळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणाल्या. मी म्हणाले, शक्य नाही, मी चष्म्याशिवाय सुई ओवते. त्या हसल्या. 'आजी, तेच तर लक्षण आहे. भिंग फुगतं आणि जवळचं काही दिवस छान दिसतं. लोक खूश होतात, डॉक्टरकडे येतच नाहीत.' आजी म्हणाल्या मला. ते एक वेगळंच.

मग सहज विचारावं तसं विचारलं, 'रंगांचं काय? पांढरं पिवळट दिसतं का?' मी नाही म्हणाले. का नाही म्हणाले कोण जाणे. पडदे डोळ्यांसमोर आले होते.

आधी उजवा करणार, नंतर सवडीने डावा. ऑपरेशन लहानसं असतं म्हणे, त्याच दिवशी घरी. शेजारीण सोबत येणार आहे. तिच्याशी मी त्या दिवशी जरा तुटक वागले होते, तरी येते म्हणाली.

डिस्कचं काम थांबवलंय. खोलीचं दार लावून घेतलंय. दाराशी गेले की वाटतं, आत अण्णा माझी वाट बघत बसलेत, आणि मला त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची आहे जी मी बोलणार नाही. तूही अजून काही विचारू नकोस.

तुझी ताई


२९ ऑगस्ट

धाकटे,

उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. घरी येऊन मी आधी पडद्यांपाशी गेले. पडदे पांढरे आहेत. पांढरेशुभ्र, अगं, डोळे दिपावेत इतके. मग उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने पाहिलं. चहात बुडवून काढल्यासारखे. पुन्हा उजव्याने, पांढरे. मी तिथे उभी राहून किती वेळ हात इकडून तिकडे करत होते. शेजारणीला वाटलं, मला काहीतरी झालं.

मग मी खोलीचं दार उघडलं.

तुझं खरं होतं. मी एरवी एवढं सहज म्हणणारी नव्हे, म्हणून आधी तेच लिहिते. ठमी निळी आहे. माझ्या सगळ्या ठम्या निळ्या आहेत. टेबलावर, कपाटावर, कट्ट्यावर, ओठ निळे, डोळ्यांखाली निळं, चेंडू धरलेली बोटं निळी. मी या खोलीत त्यांच्याशी बोलत बसत होते. मला उभंच राहवेना. शेवटच्या आठवड्यात तू तिला मांडीवर घेऊन जशी बसलेली असायचीस तशी ती दिसली, आणि तू सहा वर्षांपूर्वी पाकीट फोडलंस तेव्हा तुला काय दिसलं असेल ते मला पहिल्यांदा कळलं. तू तेव्हा किंचाळली असशील. मी असते तर किंचाळले असते.

पळून जायचं म्हणून मी वळले, आणि मग उजवा डोळा झाकला.

ती हसत होती, धाकटे. गालांवर रंग होता. थोडी फिकी, पण आपली ठमी.

त्यानंतर मी अण्णांच्या फडताळातल्या जुन्या डिस्क काढल्या. प्रत्येक कामाची एक प्रत ते ठेवायचे. वर्षांप्रमाणे पलंगावर ओळीने मांडल्या. उजव्या डोळ्याने बघत गेले. पहिल्या डिस्कवरची माणसं माणसांसारखी आहेत. मग हळूहळू, एवढ्या हळूहळू की शेजारशेजारच्या दोन डिस्कमध्ये फरक सांगता येऊ नये, माणसं निळी होत जातात. जशी संध्याकाळ होते तशी. शेवटच्या ओळीतल्या नवरा-नवरीकडे तर बघवत नाही. आणि शेवटून थोडी अलीकडे तुझी ती परत आलेली डिस्क. तीही त्यांनी ओळीत, तिच्या जागी ठेवली होती.

त्यांचं भिंग पिवळं पडत होतं. जग पिवळं पडतंय असं त्यांना वाटत होतं, आणि ते सगळ्या जगातून पिवळा काढत बसले होते. दुधातून, भिंतीतून, सदऱ्यांतून. तुझ्या मुलीच्या गालांतून. आपल्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही की अण्णांचा डोळाही बिघडू शकतो. प्रिंटर बिघडला, शाई बिघडली, धाकटीचं डोकं बिघडलं, हे सगळं आपण मानलं. ते तर स्वतःही कसं मानणार? ते म्हणाले बरोबर, म्हणजे बरोबर.

त्यांनी प्रेत छापलं नव्हतं गं. त्यांच्या डोळ्याला ती गुलाबी येईपर्यंत ते उठले नव्हते. तुझी चिठ्ठी खिशात ठेवल्यावर ते काय समजले असतील? हाच विचार मला सोडत नाही. डिस्क हातात घेऊन खिडकीशी गेले असतील, त्यांना त्यांची हसरी नात दिसली असेल, आणि मुलगी म्हणते प्रेत. काय कळलं असेल त्यांना. काहीच नाही. तसेच गेले.

डाव्या डोळ्याची तारीख डॉक्टरीणबाई पुढच्या आठवड्यातली देत होत्या. मी पुढे ढकलली. मला हा डोळा थोडे दिवस हवा आहे.

तुझी ताई


१७ सप्टेंबर

धाकटे,

या पाकिटात दोन डिस्क आहेत. ज्या डिस्कवर कागदाची पट्टी गुंडाळली आहे ती आधी उघड. ती नवी आहे. 'बरोबर' काढून टाकली आणि छापली, पहिल्या फटक्यात आली. एवढी खटपट, आणि शेवटी काही न करताच येते म्हणजे कमाल आहे. मुख्याध्यापिकाबाईंना आणि शेजारणीला दाखवली. मुख्याध्यापिकाबाईंना या वेळी चहा दिला. दोघी म्हणाल्या, किती गोड. फिल्म आत आहे. तुझं मागणं पुरं झालं. तुला एवढंच हवं असेल तर आतलं दुसरं पाकीट उघडू नकोस, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल.

दुसरी अण्णांची आहे. तीच, तू परत पाठवलेली. तिच्यासोबत पुठ्ठ्याच्या चौकटीत जिलेटिनचा कागद आहे, तो कसा झाला ते सांगते.

माझा डावा डोळा तुला देता आला असता तर दिला असता. तो देता येत नाही, म्हणून त्याच्यासारखा कागद करायचा ठरवलं. स्टेशनरीच्या दुकानातून पिवळा, नारिंगी, तपकिरी असे जिलेटिनचे कागद आणले. उजव्या डोळ्यापुढे कागद धरायचा, पडद्याकडे बघायचं. मग कागद काढून उजवा झाकायचा आणि नुसत्या डाव्याने बघायचं. दोन्ही पडदे सारखे दिसले पाहिजेत. एक पिवळा कमी पडतो. दोन पिवळ्यांनी लिंबाचा रंग येतो, तो नाही चालत, त्यात तपकिरीची झाक हवी. अर्धा दिवस मी खिडकीशी हेच करत होते. अण्णा मागे होते. या वेळी मी त्यांना घाबरले नाही. 'अजून जरा,' म्हणाले, आणि मीही म्हणाले, हो, अजून जरा. रंग जुळवण्यात एवढा आनंद असतो हे मला या वयात कळलं. त्यांनी आयुष्यभर हेच केलं.

शेवटी जुळला. त्या कागदातून उजव्या डोळ्याने ठमी बघितली तर डाव्याला दिसायची तशीच दिसली, हसरी पण थोडी फिकी. मग लक्षात आलं की हा माझा डोळा झाला. अण्णांचं भिंग माझ्यापेक्षा जुनं होतं. म्हणून आणखी एक पदर लावला, मग आणखी एक. आणि शेवटच्या पदराला तिच्या गालांवर रंग चढला. खराखुरा. भोकाभोवतीचा चेंडू लाल झाला. धाकटे, ती धावून आल्यावर तिचे गाल जसे व्हायचे तशी आहे ती. आजारापूर्वीची. मी आजवर तिला एवढी गुलाबी त्या डिस्कवर पाहिली नव्हती. ती फक्त त्यांनी पाहिली होती.

तेव्हा सांगते तसं कर. सकाळी कर, दुपारच्या उन्हात नको. खिडकीशी उभी राहा, उजेड पाठीकडून येऊ दे. आधी चौकट डोळ्याला लाव, डोळे मिटून. मग डिस्क समोर धर आणि मग डोळे उघड. कागद लावल्याशिवाय तिच्याकडे बघू नकोस, एवढं ताईचं ऐक. मेहुण्यांना डिस्क हातात द्यायला सांग हवं तर.

एवढंच त्यांना तुला पाठवायचं होतं. पोचायला सहा वर्षं लागली.

कागदाचा तुकडा मी मागे ठेवलेला नाही. पदर मोजून लावलेत, उरलेले कपटे नुसते कपटे आहेत. डाव्या डोळ्याची तारीख परवाची घेतली.

तुझी ताई


८ ऑक्टोबर

धाकटे,

डावाही झाला. आता दोन्ही डोळे नवे. घर इतकं पांढरं आहे की परक्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. भिंतीवरचे डाग, माझ्या हातावरचे डाग, सगळं दिसतं. आरसा तर मी दोन दिवस टाळला.

काल मेहुण्यांचा फोन आला. म्हणाले, 'तुमचं पाकीट येऊन पडलं होतं, ती हात लावत नव्हती. आज सकाळी उघडलं.' मी विचारलं, पहिलं की दुसरं? तर म्हणाले, 'खिडकीशी उभी आहे. डोळ्याला ती चौकट लावलीय. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. रडते आहे, पण तसं नाही, ताई. वेगळं रडते आहे.' मग आपली पाठ दुखते ते सांगायला लागले. मी ऐकून घेतलं.

तू लिहायलाच हवं असं नाही. तेवढं पुरे मला.

माझ्याकडच्या सगळ्या ठम्या मी काल एका स्वच्छ पेटीत ठेवल्या. ठेवताना प्रत्येकीकडे पाहिलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. काही उपयोग नाही, दोन्हीकडून निळीच. अण्णाही मागे नव्हते. मी पहिल्यांदा वळून पाहिलं, तर नुसती खुर्ची होती आणि पांढरी भिंत. इतकी वर्षं तुला ती निळी दिसत होती आणि मला गुलाबी, ते माझ्या डोळ्यांमुळे, हे मला माहीतही नव्हतं. आता ती गुलाबी दिसायची सोय फक्त तुझ्याकडे आहे.

तर येशील तेव्हा तो कागद घेऊन ये. मला तिला एकदा बघायचंय.

तुझी ताई